कोरड्यांचं सरबत, ओल्यांचं पिंप

८ सप्टेंबर १९०८, मंगळवार

आज छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना ‘ओले’ हा शब्द माझ्या बोटांखालून इतक्यांदा गेला की दुपारपर्यंत त्याला काही अर्थच उरला नाही. ओल्यांची सभा. ओल्यांना रेव्हरंड पेनिमन यांचा सवाल. पहिल्या पानावर ओले हरणार, दुसऱ्या पानावर ओले जिंकणार. आमचा ‘हॅनर्स लॉक हेरल्ड’ दोन्ही डगरींवर हात ठेवून असतो, कारण वर्गणी दोन्हीकडून येते.

शेवटी पोगसाहेबांना विचारलंच. “काय हो, दारूची दुकानं राहू द्या म्हणणाऱ्याला ‘ओला’ म्हणायचं, हे पहिल्यांदा सुचलं तरी कुणाला?”

ते संपादक, त्यामुळे माहीत नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जाडा शब्दकोश काढला. त्यात ओला म्हणजे पाणी लागलेला.

“हे बदकालासुद्धा माहीत आहे,” मी म्हटलं.

“मग तूच शोधून काढ. गावात फिर, जो तो काय सांगतो ते टिपून आण. दर शुक्रवारी थोडं थोडं छापू. नुसत्या शब्दावर लिहिलं की कुणाची बाजू घेतल्यासारखं होत नाही.”

असं त्यांना वाटतं. त्यांनी आमच्या घरी एकदा जेवायला यावं.

आमच्याकडे बाबा ओले आणि आई कोरडी. बाबा पिंपं करतात, ओकच्या लाकडाची, आणि ती सगळी जातात बियरच्या कारखान्यात. काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, कोरडी झाली, दारूबंदी आली, की कारखाना बंद, आणि पिंपंही बंद. आई पांढऱ्या फितीच्या, दारूबंदीवाल्या महिला मंडळात आहे, तेही मागच्या बाकावर नव्हे. २० ऑक्टोबरला मतदान. पुरुषांनी मतं द्यायची, आम्ही बायकांनी बाहेर उभं राहून गाणी म्हणायची.

ऑगस्टमध्ये आईने पुढच्या खिडकीत ‘मार्ल काउंटी कोरडी करा’ असा फलक लावला. बाबांनी तो काढला. तिने परत लावला. त्यांनी परत काढला नाही, अंथरूण उचललं आणि मागच्या शेडमध्ये, जिथे ते पिंपं करतात, लाकडाच्या भुश्शावर जाऊन झोपले. तेव्हापासून बोलणं बंद. जेवायला येतात, पण सगळा कारभार माझ्यामार्फत.

“ऑर्फा, तुझ्या बापाला विचार, बटाटा हवाय का.”

बटाटा बाबांच्या कोपराला लागलेला.

“ऑर्फा, आईला सांग, हवाय.”

एकोणतीस वर्षांची झाले मी, आणि माझं काम काय, तर एका टेबलाच्या दोन टोकांना बटाटे पोचवणं.

१२ सप्टेंबर, शनिवार

कॅप्टन टिलीकडे गेले होते. सगळा जन्म कालव्यावर घोड्यांनी ओढायची होडी हाकण्यात गेला, आता दात नाहीत पण आवाज तोच आहे. शब्द कुठून आला हे विचारताच असे खूश झाले की खुर्चीतून उठले.

“अगं कालव्यावरून! दुसरीकडून कुठून येणार? हिवाळ्यात दुरुस्तीला कालव्याचं पाणी काढून टाकायचे. कोरडा कालवा म्हणजे होडी नाही, पगार नाही, बायकोचं तोंड वाकडं. वसंतात पाणी सोडलं की ओला. मग पैसा, गाणी, आणि पाणी अडवणाऱ्या प्रत्येक लॉकच्या दारापाशी एक गुत्ता. कोरडं म्हणजे उपास आणि ओलं म्हणजे सण, पोरी. सगळा शब्द आमचा आहे.”

“पण आगगाडी आल्यापासून कालव्यावर होड्याच नाहीत. मग शब्द एवढा कसा चालतो?”

“होड्या गेल्या म्हणून शब्द कशाला जाईल? त्याला काय घोडं लागतं ओढायला?”

मला पटलं नाही, पण टिपून घेतलं.

१६ सप्टेंबर, बुधवार

आज मी ऑगस्ट क्लेबरच्या गुत्त्यात गेले. म्हणजे आत नव्हे. बाजूला बायकांचं दार असतं, तिथे जर्मन बायका रविवारच्या जेवणाला बियर न्यायला बादली घेऊन उभ्या राहतात. मी जाहिरातीचा कच्चा छाप दाखवायच्या निमित्ताने गेले होते. कोटावर आईने टोचलेली पांढरी फीत तशीच होती, हे मला क्लेबरने माझ्याकडे पाहून तोंडावर फडकं धरलं तेव्हा कळलं.

“या, या! कोरडी पाहुणी! सरबत देऊ का मिस ट्रंबो?”

“उत्तर द्या, तेवढं पुरे. तुम्ही लोकांनी स्वतःला ‘ओले’ म्हणवून घ्यायला कधी सुरुवात केली?”

क्लेबर हसायचा थांबला. ग्लास पुसता पुसता विचार करत राहिला.

“आम्ही कुठे म्हणवून घेतलं?” तो म्हणाला. “माझा बाप इथे आला तेव्हा बियर पिणाऱ्याला नावच नव्हतं. पाव खाणाऱ्याला असतं का नाव? हे लोक आले आणि म्हणाले, आम्ही कोरडे. म्हटलं, बरं, राहा कोरडे. मग म्हणाले, तुम्ही कोरडे नाही ना, म्हणजे ओले. नाव त्यांनी घेतलं स्वतःला, आणि उरलेलं फेकलं आमच्या अंगावर. आता काय, चिकटलं. माझ्या दारावर मीच रंगवून घेतलंय.”

परत येताना मी जवळजवळ पळतच होते. आधी कोरडा, मग ओला! उजेड म्हणणारा कुणी निघाला की बाकीच्यांना आपोआप अंधार म्हणतात, तसंच हे. शब्दकोश लिहिणाऱ्यांनी गुत्त्याच्या बाजूच्या दारात उभं राहायला हवं होतं.

पेनिमनबाई, आमच्या पाद्र्यांच्या सौभाग्यवती, समोरच्या फुटपाथवरून जात होत्या. मी हात केला. त्यांनी पाहिलं नसावं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

पेनिमनबाईंनी पाहिलं होतं.

आज मंडळाच्या सभेत आईबरोबर मीही गेले. मतदानाच्या दिवशी बायका नेहमी केक आणि लिंबू सरबत ठेवतात, कोरडं मत देणाऱ्याच्या कोटाला फीत टोचतात आणि त्याला पेला देतात. यंदा माणसं दुप्पट, म्हणून सरबतासाठी पिंप हवं. पेनिमनबाई म्हणाल्या, पिंप सायलस फिचकडून घ्यायचं, तो आपल्यातला आहे.

फिच सफरचंदांची आणि पिठाची पिंपं करतो, पाइनच्या फळ्यांची, भोवती आवळून धरायला लाकडी कड्या. त्यातून पीठ सांडत नाही, एवढीच त्याची जबाबदारी.

आई उठली. “बाई, त्या पिंपात पाणी राहत नाही. ते कोरड्या मालाचं पिंप आहे. सांध्यांतून गळेल.”

पेनिमनबाई गोड हसल्या. त्या अशा हसल्या की काहीतरी बोचणार हे ठरलेलं. “हल्दाबाई, हे तुम्ही बोलताय, की मिस्टर ट्रंबो?”

कुणीतरी खुसखुसलं.

“पिंप बोलतंय,” आई म्हणाली.

“कोरड्यांचं सरबत आम्ही कोरड्या माणसाच्याच पिंपात ठेवणार. दारूवाल्यांच्या पिंपात ठेवलं तर लोक काय म्हणतील? आणि बरं का, काहीजणींच्या घरची माणसं भरदिवसा गुत्त्याच्या दारात दिसतात म्हणे. घरात ओल असली की ती भिंतींतून वर चढतेच.”

माझे कान तापले. मी उठून शब्दाचं सगळं सांगणार होते, पण आईने माझा हात दाबला आणि खाली बसली. मंडळात तिने काय कमी राबलंय! थंडीत दारोदार फिरून सह्या गोळा केल्या त्या तिनेच. माझ्यामुळे तिला ऐकून घ्यावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी शेडमध्ये जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, फिचच्या पिंपात सरबत म्हटल्यावर पोट धरून हसतील. ओलं काम, म्हणजे पातळ मालाची पिंपं, करणारा कारागीर कोरड्या कामवाल्याला माणसातच धरत नाही. बाबा फिचला ‘टोपलीवाला’ म्हणतात.

हसले नाहीत. रंधा बाजूला ठेवून म्हणाले, “किती माणसं येतील म्हणते ती?”

“सगळी काउंटी.”

“हं,” म्हणाले आणि रंधा उचलला. माणूस म्हातारा झाला की विनोदसुद्धा कळेनासा होतो.

२७ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर रेव्हरंड पेनिमन यांना गाठलं. ते म्हणाले, हा शब्द थेट बायबलातल्या महापुरातला. पापी लोक बुडाले, ते ओले. नोहा आणि त्याची मंडळी तारवात कोरडी राहिली.

“पण रेव्हरंड, तारवातून उतरल्यावर नोहाने पहिलं काम केलं ते द्राक्षमळा लावायचं. आणि मग दारू पिऊन तंबूत उघडा पडला ना?”

रेव्हरंडनी घड्याळ पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या आईने आकाशाकडे पाहिलं, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला, मी शपथेवर सांगते.

३ ऑक्टोबर, शनिवार

बाबांना झालंय तरी काय? कारखान्याने मागणी थांबवलीय, मतदानाचा निकाल लागेपर्यंत नवीन पिंपं नकोत म्हणून. मग शेडमध्ये आठवडाभर ठोकाठोक कशाची? आज जाऊन पाहिलं तर एक भलंमोठं पिंप उभं. पांढऱ्या ओकच्या त्या फळ्या, ज्या ते वर्षानुवर्षं माळ्यावर सुकवत ठेवून होते आणि ज्यांना हात लावला म्हणून लहानपणी मला ओरडा बसला होता, त्या त्यांनी काढल्या. सांधे असे बसवलेत की नख शिरत नाही.

“कुणाचं हो हे?”

“पिंप आहे.”

“ते दिसतंय. कुणासाठी?”

“ज्याला लागेल त्याच्यासाठी.”

मी आत डोकावले. बियरच्या पिंपाला आतून राळ लावतात. लावलेली नाही. व्हिस्कीच्या पिंपाला आतून जाळतात. जाळलेलं नाही. ना राळ, ना जाळ. मग यात भरणार काय डोंबल? मला भीती वाटते आहे. हार पत्करून बाबा डोंगरातल्या कुणा चोरटी दारू गाळणाऱ्याला तर पिंप विकत नाहीत ना? आईला कळलं तर अंथरूण शेडमधून थेट रस्त्यावर येईल.

त्यांचा मूड बरा दिसला म्हणून शब्दाचं विचारलं. एरवी बाबांच्या तोंडून चार वाक्यं एका दमात निघत नाहीत. आज निघाली.

“तो शब्द आमचा. ओलं काम, कोरडं काम, हे माझ्या आजोबाच्या तोंडी होतं. तेव्हा हे पुढारी पाळण्यात ओले होत होते. ओलं पिंप म्हणजे ज्यात घातलेलं आतच राहतं ते. विश्वासाचं काम. आणि आता कोण शेंबडा सभेत उभा राहून ‘ओला’ म्हणतो, ते शिवीसारखं. आमचा शब्द चोरला आणि वर घाण केला.”

मग ठोकणं थांबवून म्हणाले, “तुझी आई खोकत होती का काल?”

“नाही.”

“ऐकू आलं मला.” आणि परत ठोकायला लागले.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

पोगसाहेबांनी एकही ओळ छापलेली नाही. टिलीचं छापलं तर आगगाडीवाले चिडतील, क्लेबरचं छापलं तर चर्च, नोहाचं छापलं तर दोघेही. “शब्द निरुपद्रवी असेल असं वाटलं होतं मला,” म्हणाले बिचारे. मी म्हटलं, मी शोध थांबवणार नाही, छापा नाहीतर छापू नका.

घरी वेगळंच नाटक. बाबांनी ते पिंप आणून ठेवलंय स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. बरोब्बर आईच्या डोळ्यांसमोर! आणि काठोकाठ पाणी भरलं. रोज सकाळी बूच काढतात, चहासारखं तपकिरी पाणी अंगणात सोडतात आणि पुन्हा भरतात. अंगणात चिखल. आईला कपडे वाळत घालायला फळीवरून जावं लागतं. एवढ्या मोठ्या माणसाने असं चिडवावं? मला तर लाज वाटली.

“आई, मी सांगू का त्यांना हलवायला?”

आई खिडकीतून पाणी वाहताना बघत होती. “आज कालच्यापेक्षा फिकं आहे,” म्हणाली.

“काय?”

“काही नाही. राहू दे तिथेच. मला अडचण नाही त्याची.”

ती खचली आहे. दुसरं काय म्हणणार?

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आईला मी विचारणार नव्हते. सगळ्या गावाला विचारून झालं, तिला विचारायचं धाडस होत नव्हतं. पण आज लिंबं निवडताना तीच म्हणाली, “मला नाही विचारलंस ते.”

“सांग ना मग. ओला हा शब्द कुठून आला?”

“मला नाही माहीत कुठून आला. मला भेटला कुठे ते माहीत आहे.” तिने लिंबू हातात फिरवलं. “माझा भाऊ ईफ्राइम. टिलीच्याच होडीवर होता. पगाराच्या दिवशी पिऊन कालव्यात पडला. मार्च होता, पाण्यात बर्फाचे तुकडे. त्याला घरी आणलं तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. माझी आई त्याचं डोकं पुसत बसली, पुसत बसली. मेलेल्या पोराला सर्दी होईल म्हणून. त्या दिवसापासून कुणी हसत ‘ओला’ म्हणालं की मला ते केस दिसतात.”

मामा आजाराने गेला असंच मला आजवर सांगितलं होतं. मी उठून तिच्या गळ्यात हात टाकले. ती रडली नाही, मीच रडले.

“कुणी आणलं त्याला घरी?” मी जरा वेळाने विचारलं.

“होता एक पिंपवाल्याकडे काम शिकणारा पोरगा. पाण्यात उडी घातली होती त्याने. नखशिखांत भिजलेला, दात वाजत होते, तरी दारातच उभा. आत ये म्हटलं तर म्हणे, तुमची फरशी भिजेल.” तिने निवडलेली लिंबं टोपलीत टाकली. “आता शेडमध्ये झोपतो तो. तिथे वारा येतो फटींतून. दुसरं ब्लँकेट दिलंस का त्याला?”

“तूच दे ना.”

“मी बोलत नाही त्याच्याशी,” आई म्हणाली.

१७ ऑक्टोबर, शनिवार

तोटी हरवली. बाबांनी चेरीच्या लाकडाची सुरेख तोटी कातून खिळ्याला अडकवली होती. आज सकाळी खिळा आहे, तोटी नाही. सगळी शेड पालथी घातली.

जेवताना बाबा म्हणाले, “ऑर्फा, आईला विचार, माझी तोटी पाहिली का.”

“ऑर्फा, त्याला सांग, त्याच्या तोट्या सांभाळायला मी बसलेली नाही.”

“ऑर्फा, आईला सांग, तोटीशिवाय पिंप म्हणजे नुसता ठोकळा.”

“ऑर्फा, त्याला सांग, इतकी वर्षं काम करून वस्तू जागेवर ठेवता येत नाहीत, यात माझा काय दोष.”

आणि भांडी घासताना आई गाणं गुणगुणत होती! दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटतं, तिला बाबांची फजिती बघून बरं वाटलं. इतका दुरावा बरा नव्हे. मतदान झाल्यावर ही दोघं एका घरात राहतील का, हाच प्रश्न आता माझ्या डोक्यात आहे. ओला आणि कोरडा गेला खड्ड्यात.

२० ऑक्टोबर, मंगळवार

आजचं आजच लिहिते.

पहाटेपासून चर्चच्या घंटा. टाउन हॉलसमोर हद्दीची दोरी बांधलेली, दोरीअलीकडे आम्ही पांढऱ्या कपड्यांत. पलीकडच्या फुटपाथवर क्लेबर आणि त्याची गिऱ्हाइकं, रविवारचे कोट घालून, अगदी सभ्य. मध्ये टेबल, केक, आणि मानाच्या जागी फिचचं पिंप, पांढऱ्या फितींनी सजवलेलं. फिचने सांध्यांत मेण आणि चिंध्या कोंबल्या होत्या. आईने त्या पिंपाकडे एकदाच पाहिलं आणि पदरमोड करून आणलेली साखर मुकाट्याने ढवळायला घेतली.

सरबत ओतलं. पेनिमनबाईंनी प्रार्थना म्हटली. ‘आमेन’ला पहिला थेंब पडला. गाण्याच्या पहिल्या कडव्याला धार लागली. दुसऱ्या कडव्याला मेण सुटलं, लाकडी कडी तटकन उडाली आणि सगळं पिंप फुलासारखं उमललं. सरबताचा लोंढा पायऱ्यांवरून खाली, पेनिमनबाईंच्या बुटांत, रेव्हरंडच्या पायघोळ कोटाला, थेट रस्त्यात.

समोरचा फुटपाथ असा हसला की घोडे बिथरले. “अहो बघा, कोरडे ओले झाले!” “पाद्रीबुवा, तारू आणा तारू!”

आणि पेनिमनबाई वळल्या त्या आईकडे. सगळ्यांसमोर. “तुम्हाला माहीत होतं! तुम्हाला हेच व्हायला हवं होतं. मी पहिल्यापासून म्हणते, ही बाई ओली आहे!”

आई पांढरी पडली. ईफ्राइमची बहीण ती. तिला हा शब्द! मी पुढे झालेच होते, तोच मागून चाकांचा खडखडाट ऐकू आला.

बाबा हातगाडी ढकलत येत होते. हातगाडीवर ते पिंप.

हसणं थांबलं. क्लेबर ओरडला, “काय रे इझ्रा, तिकडे कुठे? फितुरी?”

“पिंप पोचवतोय,” बाबा म्हणाले. “आत काय भरायचं ते ज्याचं त्याने बघावं.”

ना राळ, ना जाळ. रोज पाणी भरून, लाकडाचा तुरट कस उतरेपर्यंत धुतलेलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. गाढव मी! खिळे जुळवते आणि घरातलं वाचता येत नाही.

बाबांनी पिंप टेबलावर चढवलं, फितींच्या चिखलातून वाट काढत. मग आईसमोर उभे राहिले. टोपी हातात. मला वाटलं, आता ‘ऑर्फा, आईला सांग’ येणार. पण त्यांनी घसा खाकरला आणि सरळ तिलाच म्हणाले, “हल्दा, तोटी हरवली. बुचातून ओतावं लागेल.”

आईने हातातली पिशवी उघडली. रुमालात गुंडाळलेली तोटी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

“मला वाटलं, तू आणायला विसरशील,” ती म्हणाली.

मग बाबांनी तोटी ठोकली, आम्ही धावतपळत लिंबं पिळली, आणि पिंपाच्या सांध्यातून एक थेंब आला नाही. एक थेंबसुद्धा नाही!

त्यानंतर बाबा मत द्यायला आत गेले. आमच्या सगळ्या बायका कुजबुजायला लागल्या, बाजू बदलली, इझ्रा ट्रंबो कोरडा झाला. ते बाहेर आले तेव्हा आईच्या हातात फीत आणि टाचणी तयार होती. तिचा हात थोडा वर उचललेला. किती आशेने पाहत होती ती.

बाबांनी तिचा हात हळूच खाली केला.

“फीत नको, हल्दा. मी ओलं मत दिलंय. पोट आहे माझं त्यावर. तुझ्याशी खोटं नाही बोलणार.”

पेनिमनबाईंच्या चेहऱ्यावर ‘बघा!’ असं लिहिलेलं. आईने फीत खिशात टाकली. वळली, तोटी फिरवली, पेला भरला. तो पेला फक्त कोरड्या मतदारांचा, हा नियम तिनेच मंडळात मांडला होता.

“घे,” ती म्हणाली. “चव बघ. लाकडाची लागतेय का?”

बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

“साखर जास्त झालीय,” म्हणाले.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

काउंटी कोरडी झाली, चांगल्या फरकाने. क्लेबर दुकान विकतो आहे. बियरच्या कारखान्याने बाबांना उरलेला हिशोब चुकता केला आणि हात मिळवला. मंडळाने आईला कळवलं की तिची पुढच्या वर्षी गरज नाही. ओल्या मतदाराला पेला दिला हे लोकांना रुचलेलं नाही. म्हणजे दोघांनीही गमावलं, आणि दोघंही जिंकलेल्या-हरलेल्या बाजूंच्या मधोमध घरात बसलीत. आईने फीत काढलेली नाही. घरातसुद्धा लावते. “मी मंडळासाठी नव्हते लावत,” म्हणते.

पोगसाहेबांना माझ्या शोधाचं विचारलं, तर म्हणाले, “आता मतदान झालं, कोण वाचणार?” ठीक आहे. कुठून आला ते मला शेवटपर्यंत कळलं नाहीच. एवढंच कळलं की तो ज्याच्या दारातून आला, त्याच्याच घरची गोष्ट घेऊन आला.

बाबांचं अंथरूण काल शेडमधून घरात आलं. कुणी आणलं ते पाहिलं नाही. शिवायचं, झोडपायचं, उन्हात टाकायचं, हे आईने कुणाला न सांगता केलं होतं.

आणि आज सकाळी न्याहारीला दोघांची जुंपली.

“कारागिरांचाच शब्द आहे तो, हल्दा. माझ्या आजोबांच्या तोंडचा!”

“पिंपाला म्हणायचे ते! माणसाला आम्ही म्हणायला लागलो. आम्ही! आधी कोरडे झालो कोण? आम्ही!”

“म्हणजे चोरलाच ना!”

“इझ्रा, अंडं गार होतंय, गिळ आधी!”

कोपर आपटत होते, टेबल हलत होतं, मीठ सांडलं. मला कुणी काही पोचवायला सांगितलं नाही. मी माझा बटाटा घेतला आणि पोटभर खाल्लं.